दयाळ आणि भिंतीवरचं शेवाळ

दयाळ हा पक्षी आणि भिंतीवरचं शेवाळ यांची तुलना करा, असा विषय मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी मिळाला होता आणि मी तो पूर्ण केला. त्याच वर्षी आमच्या घरात आई बोलायची थांबली होती. ओवी, ईशान, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, की आजी, तू आमच्यापेक्षा थोडी मोठी असताना दिवसभर घरी काय करायचीस, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मागच्या अंगणाची भिंत आली. म्हणून तिच्याबद्दल लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. पण ही माणसं मराठीत बोलली आणि मराठीतच गप्प बसली. अडलात तर तुमच्या आईला वाचून दाखवायला सांगा.

आम्ही कलकत्त्याला गार्डन रीचमध्ये राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, रेल्वेत अधिकारी होते. इथल्या मुख्य कार्यालयात त्यांची बदली झाली आणि आम्ही नागपूरहून आलो. क्वार्टर जुन्या पद्धतीचं होतं: उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, पुढे एक व्हरांडा, मागे एक छोटा व्हरांडा आणि फरशीचं अंगण. अंगणाला विटांची उंच भिंत. भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे नदी. नदी घरातून दिसत नसे, ऐकू येई. बोटींचे भोंगे, गोदीतली ठोकाठोक, भरतीला घाटाच्या पायऱ्यांवर आपटणारं पाणी. घरातले आवाज याहून मोठे होते. नानांचा रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या, माझा मोठा भाऊ माधव, ज्याला मी दादा म्हणायचे, त्याचं जेवणाच्या टेबलावर बोटांनी ताल धरणं, आणि या सगळ्यांच्या वर आईचं बोलणं. आई अखंड बोलायची. मासेवाला रोज सकाळी आमच्या दारात टोपली उतरवायचा आणि ती त्याला रोज ऐकवायची, "आमी माछ खाबो ना रे बाबा, काल पण सांगितलं ना तुला!" तो टोपलीवरचं ओलं पोतं बाजूला करून म्हणायचा, "ना खान, देखुन तो मा. देखते पोयसा लागे ना." नका खाऊ, बघा तरी, बघायला पैसे पडत नाहीत. मग आई खरंच बघायची, हा कुठला, तो कुठला विचारायची आणि नाकाला पदर लावून आत यायची. शेजारच्या मित्रा काकीमांकडून ती पोस्तो, म्हणजे खसखशीतले बटाटे, शिकली आणि त्यात तिने गोडा मसाला घातला. काकीमांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे फार छान आहे. पण हे पोस्तो नाही." आई ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. घरात गोविंदभोग तांदळाचा मऊ भात, त्यावर पिवळं वरण आणि तूप, आणि पुण्याहून पार्सलने आलेलं मेतकूट. दादाला तेवढं असलं की बाकी काही लागत नसे.

मग पावसाळ्यात दादाला ताप आला. ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. त्याला हॉस्पिटलात नेलं आणि तो घरी परत आला नाही. याहून जास्त मला तेव्हाही सांगता यायचं नाही. मी रडले का, ते आठवत नाही. नानांनी संध्याकाळच्या बातम्या लागल्यावर रोजच्याप्रमाणे मनगटावरचं घड्याळ जुळवून घेतलं, ते आठवतं. आठवड्याने धोबी दादाचे इस्त्री केलेले शर्ट घेऊन आला आणि मी ते कपाटात त्याच्या फळीवर ठेवले, कारण ते तिथेच ठेवायचे असत.

आई आजारी पडली नाही. सांगितलं की आंघोळ करायची, ताट पुढे ठेवलं की जेवायची, आणि मग मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायची. बोलणं मात्र संपलं. विचारलं तर मान हलवायची, तीही कधीतरी. स्वयंपाक मी करू लागले. इथे बंगाली बायका एकमेकींना मुलाच्या नावाने हाक मारतात. अमक्याची आई, तमक्याची आई. मित्रा काकीमांनी आम्ही आलो त्या दिवसापासून आईला "माधबेर मा" म्हटलं होतं, माधवची आई. दादा गेल्यानंतर त्या पहिल्यांदा मागच्या दाराने खिचडीचं पातेलं घेऊन आल्या आणि सवयीने "माधबेर..." एवढं म्हणून दारातच थांबल्या. मग त्यांनी पातेलं खाली ठेवलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नोंदूर मा." नंदूची आई. नंदू म्हणजे मी. आईने मान वर केली नाही. त्या दिवसापासून सगळी कॉलनी तिला नोंदूर मा म्हणू लागली. कोणी ठरवलं, कसं सगळीकडे पोचलं, मला माहीत नाही.

अशात माझं कॉलेज चालू होतं. आम्हाला जीवशास्त्र शिकवायला अरुणादी होत्या. इथे शिक्षिकेला नावापुढे 'दी' लावून हाक मारतात. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. दर वर्षी त्या पहिल्या वर्षाच्या मुलींपुढे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे ठेवत. एकात प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात वनस्पतींच्या. प्रत्येकीने दोन्हींतून एकेक उचलायची आणि त्या दोघांची तुलना करायची, पुस्तक न उघडता, फक्त बघून. माझ्या शेजारणीला बेडूक आणि नारळ मिळाला. मला मिळाला दोएल, म्हणजे आपला दयाळ, आणि शेवाळ. मराठीत आपण तळ्यावरच्या हिरव्या थरालाही शेवाळच म्हणतो. मला मिळालं होतं ते ओल्या भिंतीवर उगवणारं, ज्याला बोटभर अंतरावरून पाहिलं तर एकेक इवलं झाड पानांसकट दिसतं. वर्ग हसला. कोणीतरी मागून म्हणालं, "दीदी, हिचं अर्ध्या पानात संपेल. एक गातो, एक गात नाही."

अरुणादी हसल्या नाहीत. "तुलना म्हणजे कोण मोठं ते ठरवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "दोघांना एकच प्रश्न विचारायचा. पाणी कसं पितोस? थंडीत काय करतोस? काही मिळालं नाही तर किती काळ टिकतोस? उत्तर येईपर्यंत बसून राहायचं. नोंदिनी, तुझ्याकडे बसायला जागा आहे?"

मी म्हटलं, "आहे."

आमच्या भिंतीवर दोघंही होते. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती आणि तिच्या नळाच्या सांध्यातून पाणी झिरपायचं. त्या ओलीच्या रेषेत शेवाळाचा जाड हिरवा पट्टा होता. बाजूला, जिथे पाणी पोचत नसे, तिथे तेच शेवाळ काळपट होऊन मिटून बसलेलं असायचं, जणू चहाची पूड सांडली आहे. आणि टाकीवर, शेपूट उभारून, काळ्या कोटाखाली पांढरं पोट दाखवत दयाळ. मी एक मोठा कागद घेतला, मधे रेघ मारली आणि डावीकडे एक, उजवीकडे दुसरा अशी उत्तरं लिहू लागले. दयाळ अंगणातले किडे खातो, त्यासाठी सकाळपासून खाली उतरतो, वर जातो, पुन्हा उतरतो. शेवाळ कुठेच जात नाही. दयाळाचं अंग आतून सतत तापलेलं असतं आणि ती शेगडी चालू ठेवायला त्याला रोज खावं लागतं. शेवाळ जेवढी हवा तेवढंच गरम, तेवढंच गार. दयाळाला दोन दिवस अन्न मिळालं नाही तर तो मरेल. शेवाळाचा वाळलेला भाग मी काचेच्या बशीत काढून कपाटावर ठेवला आणि विसरले. कित्येक आठवड्यांनी बशी हाताला लागली, त्यावर चमच्याने पाणी सोडलं, आणि मी भांडी विसळून येईपर्यंत त्याची पानं उलगडून हिरवी झाली होती. मला आनंद झाला नाही. मी वेळ लिहून ठेवली. हिवाळ्यात दयाळ गाणं थांबवतो, नुसता घशातून खरखरतो, हेही लिहिलं. माझ्यात त्या दिवसांत एवढंच काम करण्याइतकी ताकद होती आणि ते काम तेवढंच मागत होतं.

एक अडचण होती. दुपारी मी कॉलेजात असायचे आणि दुपारी पक्षी काय करतो ते बघायला कोणी नव्हतं. खुर्चीवर आई होती. मी रोज निघताना तिला म्हणायचे, "आई, दयाळ आला तर बघून ठेव, हं. संध्याकाळी सांग." संध्याकाळी विचारायचे, "आला होता?" ती भिंतीकडे बघत राहायची. मी कागदावर त्या रकान्यात आडवी रेघ मारायचे आणि कुकर लावायचे. तरी दुसऱ्या दिवशी सांगून जायचे. नाना एकदा म्हणाले, "अगं, तिला कशाला त्रास देतेस?" मी म्हटलं, त्रास नाही, काम दिलंय. नाना म्हणाले, "बरं." त्या वर्षी नाना बहुतेक गोष्टींना बरं म्हणत.

थंडी सरली तसा नर गाऊ लागला. पहाटे टाकीवरून, मग तारेवरून, लांबलचक, मधेच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करत. मादी करड्या रंगाची, तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मी मात्र एका सकाळी तिलाच पाहिलं. भिंतीतली एक वीट निघून तिथे भोक पडलं होतं. मादी हिरव्या पट्ट्याशी लटकली, चोचीत शेवाळाचा झुपका ओढून काढला आणि त्या भोकात शिरली. मग बाहेर आली आणि पुन्हा तेच. माझ्या कागदावर मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लागू पडेल असं पहिलं वाक्य मला मिळालं होतं. मी ते लिहिलं आणि कॉलेजला गेले.

आता मी पाचव्या मजल्यावर राहते, आणि दयाळ समोरच्या इमारतीच्या टाकीवर अजूनही गातो. एसीचं पाणी गळतं त्या कठड्यावर शेवाळ धरलंय. सोसायटीचा माणूस ते घासायला आला की मी त्याला चहा पाजून परत पाठवते. तुमच्या आईला हे माझं खूळ वाटतं. असू दे.

गुढीपाडव्याच्या आधी पुण्याहून अण्णामामा आला. आईचा मोठा भाऊ. घरात कोणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, आणि मग जवळच्या नातेवाइकाने येऊन, गोड खाऊ घालून, त्या घराला पुन्हा सणात आणायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. तिला दुखवटा काढणं म्हणतात. काही घरी वर्षाची वाट न बघता येईल त्या मोठ्या सणाला काढतात. कलकत्त्यात आमचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मामा दोन दिवसांचा प्रवास करून आला. ट्रंकेत आईला साडी, नानांना धोतरजोडी आणि गुढीसाठी साखरेची गाठी, पण वाटेत फुटून तिचे तुकडे झाले होते. मामा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. मोठा आवाज, मोठे हात. आल्या आल्या त्याने आईचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडला. आमच्या घरात तोवर कोणी तसं रडलं नव्हतं. आई खांब धरावा तशी त्याला धरून उभी राहिली.

तो फक्त दुखवटा काढायला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या व्हरांड्यात चहा घेऊन गेले तेव्हा तो नानांना सांगत होता. "वसंतराव, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इथे ठेवून तिचं काय होणार आहे? दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. पाडवा झाला की मी तिला पुण्याला नेतो. माणसांत राहील."

"किती दिवस?" नानांनी विचारलं.

"बरी होईपर्यंत."

"आणि नंदू?"

"नंदूला वर्ष पुरं करू दे. पोरगी हुशार आहे, कुकर लावता येतो. काय गं, येतो ना?"

मी येतो म्हटलं. नाना चहाकडे बघत म्हणाले, "बरं."

मी आत येऊन कप धुतले. बरी होईपर्यंत म्हणजे काय ते मला माहीत होतं. आईची एक चुलतबहीण होती, मालू. तिलाही अशाच एका दुःखात भावाने चार महिन्यांसाठी माहेरी नेलं होतं. मी लहानपणी पुण्याला पाहिली तेव्हा तिला तिथे बारा वर्षं झाली होती. माजघरात मागच्या भिंतीशी शेंगा सोलत बसायची आणि कोणी तिला काही विचारत नसे, कारण तिला त्रास होईल. आई गेली तर मालूमावशीच्या शेजारी बसेल, आणि परत येणार नाही, हे मला चहाच्या कपांसारखं स्पष्ट दिसत होतं. तरी मामाने सांगितल्यावर मीच आईची ट्रंक भरली. साड्या, पोलकी, शाल. घड्या नीट घातल्या. आई खुर्चीवरून बघत होती की नव्हती, सांगता यायचं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी दुपारी कॉलेजातून आले तर मागच्या अंगणात मामा, बाह्या वर करून, हातात थापी. शेजारी घमेल्यात सिमेंट. गुढी मागच्या अंगणात उभारायची त्याने ठरवलं होतं, कारण पुढे रस्त्यावरून लोक बघतात. आणि गुढीची जागा स्वच्छ हवी. टाकीचा नळ त्याने पिळून घट्ट केला होता. भिंत तारेच्या ब्रशने खरवडून तिच्यावर चुना फिरवला होता. हिरवा पट्टा नाहीसा झाला होता, त्याचा चिखल फरशीवर पडला होता.

"बघ कशी चकाचक केली!" मामा म्हणाला. "अरे, बाई घसरून पडली असती त्या बुळबुळीवर. आणि ही भोकं! उद्या साप शिरेल. सरकारी क्वार्टर म्हणजे असंच. मी सगळी बुजवून टाकली."

मी भोकाकडे पाहिलं. तिथे ओल्या सिमेंटची गुळगुळीत टिकली होती, थापीने सारखी केलेली. टाकीवर नर खरखर आवाज काढत इकडून तिकडे उड्या मारत होता. मला वाटलं, घरटं गेलं. आता उजवा रकानाही गेला आणि डावाही. एवढंच वाटलं. मी हातातली पुस्तकं छातीशी धरून उभी होते.

"आत आहे ती," आई म्हणाली.

मामाने वळून पाहिलं. मीही. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेल्या दाराच्या कडीसारखा.

"कोण आत आहे, सुमे?"

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, संपलं. पण ती उलथनं घेऊन बाहेर आली, चपला न घालता चुन्याच्या पाण्यातून भिंतीशी गेली आणि त्या टिकलीवर उलथनं मारायला लागली.

"अगं, काय करतेस! सिमेंट आहे ते, हात सोलतील. सुमे! अगं, मला सांग, मी काढतो..."

"तू काढूच नकोस!" आई ओरडली. "विचारायचं तरी! दोन दिवस बघतेय मी, नुसतं हे घास, ते बुजव. डोळे नाहीत तुला? दुपारभर आत बसते ती, अंड्यांवर. उन्हं भिंतीवरून उतरली की पाणी प्यायला येते बाहेर. रोज येते. रोज! एवढ्या मोठ्या माणसाला एवढं दिसू नये?"

मला अंडी आहेत हे माहीत नव्हतं. मी सकाळ-संध्याकाळ बघून कागद भरत होते आणि मला ते कळलं नव्हतं.

तिने उलथनं टाकलं आणि बोटांनी ओला गोळा उकरून काढला. आतून करडं काहीतरी तिच्या कानाला घासून बाहेर आलं आणि भिंतीवरून पलीकडे गेलं. आई तरी थांबली नाही. भोकाच्या कडा पदराने पुसून काढल्या, आणि मग तशीच भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मामा तिच्यामागे, हातात थापी, म्हणत होता, "मला काय माहीत गं? मला काय माहीत?" मित्रा काकीमा आवाज ऐकून मागच्या दारात आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. आईचे हात बादलीत धुतले, बोटं लाल झाली होती, त्यांवर खोबरेल तेल लावलं आणि बंगालीत पुटपुटत राहिल्या, "किछु ना, किछु ना, नोंदूर मा." काही नाही, काही नाही.

मादी त्या संध्याकाळी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने गुढी उभारली. बांबूवर आईची नवी साडी, तांब्याचा तांब्या, कडुनिंबाची डहाळी, आणि गाठी फुटली होती म्हणून मी दोऱ्यात ओवलेले बताशे. चुन्याने पांढऱ्या झालेल्या भिंतीपुढे ती छान दिसत होती. मामाने एकदाही भिंतीकडे पाहिलं नाही. पूजा झाल्यावर आईने भोकात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग बाहेर काढला.

"गार पडली," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नव्हे. मग म्हणाली, "अण्णा, हात धू. पानं घेते."

तिने पानं घेतली. श्रीखंड मी केलं होतं, इथल्या आंबट दह्याचं, चक्का नीट बांधला नव्हता म्हणून पातळ झालेलं. रीतीप्रमाणे मामाने तिला पहिला गोड घास भरवायचा होता. भरवताना थोडं श्रीखंड तिच्या हनुवटीवर सांडलं. तिने घास गिळला आणि त्याच्या वाटीत आणखी एक डाव वाढला. "पातळ झालंय," ती म्हणाली. "नंदू, चक्का रात्रभर टांगायचा असतो." जेवून ती पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली, आणि त्या दिवशी पुढे काही बोलली नाही. मला कोणी विचारलं असतं, की आई बरी झाली का, तर मी नाही म्हटलं असतं. ते खरंही होतं.

तुलना मी पावसाळ्यानंतर अरुणादींना दिली. दयाळाच्या जोडीने मित्रा काकीमांच्या आंब्याच्या ढोलीत दुसरं घरटं केलं. आमच्या भिंतीकडे ती परत आली नाहीत. शेवाळ आलं. नळ पुन्हा गळू लागला, चुन्याचे पोपडे पडले, आणि विटांच्या सांध्यात जो नखाएवढा तुकडा ब्रशला चुकला होता तिथून ते आलं. दोघांना एकच प्रश्न विचारला होता, घर मोडलं तर काय करतोस, आणि ही दोन उत्तरं. अरुणादींनी विचारलं, यातलं जास्त चांगलं कोणतं? मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतंत, ते ठरवायचं नसतं. त्या हसल्या. पुढे लोकांनी मला सुचवलं आहे, की आई त्या शेवाळासारखी होती, किंवा त्या मादीसारखी. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि मला ते पटत नाही. आई माणूस होती. ती पुढेही कमी बोलली, आणि पूर्वीसारखी कधीच बोलली नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हावड्याला गाडी होती. टॅक्सी दारात आली. मामाची ट्रंक आणि आईची ट्रंक व्हरांड्यात शेजारी शेजारी. आई मागे होती, जुन्या साडीत, भांडी घासत.

"सुमे, अजून तयार नाहीस? गाडी चुकेल."

आईने हात धुतले, पदराला पुसत पुढे आली आणि त्याच्या हातात डबा दिला. "दशम्या आहेत. चटणी वेगळी बांधलीय, सांडू नकोस. वहिनीला सांग, मेतकूट संपत आलंय."

"म्हणजे?"

"तू जा. मी येत नाही."

"अगं, असं काय करतेस? तिथे तुला काही कमी पडणार आहे का? मालू आहे, वहिनी आहे..."

"मालू आहे, माहितीये मला," आई म्हणाली.

मामाने नानांकडे पाहिलं. "वसंतराव, तुम्ही सांगा तिला. तिला काय कळतंय आत्ता?"

मी नानांकडे पाहत होते. आता ते बरं म्हणतील असं मला वाटलं. नानांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "परवा आपल्या सगळ्यांत तिलाच कळलं, अण्णा," ते म्हणाले. "ती नाही म्हणतेय. मग नाही."

मामाने दोन्ही ट्रंकांकडे पाहिलं. रागावला नव्हता, घाबरला होता, हे मला आता कळतं. बहिणीला मागे ठेवून एवढा लांबचा प्रवास एकट्याने करायचा होता. त्याने तिच्या तेल लावलेल्या बोटांना हात लावला आणि म्हणाला, "सिमेंटचं पाणी वाईट असतं गं. तूप लावत जा." मग टॅक्सीत बसला, डबा मांडीवर घेऊन.

टॅक्सी वळणापलीकडे गेल्यावर नानांनी आईची ट्रंक स्वतः उचलून आत नेली. ऑफिसची वेळ टळून गेली होती. मी काही वेळाने दारात जाऊन पाहिलं. ट्रंक पलंगावर उघडी होती, नाना एकेक साडी काढून कपाटात लावत होते, आणि आई कपाटाशी उभी राहून त्यांनी लावलेली साडी काढत होती.

"इथे नाही?" नाना म्हणाले.

"रोजच्या खाली."

"ही?"

"ती पण खाली."

"आणि ही शाल?"

"शाल राहू दे बाहेर," आई म्हणाली. "पहाटे मागे बसते तेव्हा गारवा असतो."

नानांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. मी चहा टाकायला गेले.